नमुन्यापुरते कापड

सापगाव, ता. शहापूर
दि. ९ नोव्हेंबर २००३

चि. रश्मीस,
लक्ष्मीआत्याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोटो मिळाला. म्हणजे मला नाही, तुझ्या वडिलांना मिळाला, आणि त्यांनी तो मला सोडून कसाऱ्याच्या सगळ्या गँगमनांना दाखवला. परवा ते इथे आले तेव्हा आमच्या श्वेताला त्यांचा शर्ट धुताना खिशात सापडला म्हणून मला कळले. विमानाच्या दारातून खाली पडणारी, गालांत वारा भरून बेडकी झालेली पोरगी माझी भाची आहे हे ओळखायला मला चष्मा पुसावा लागला. वर तुझे वडील म्हणतात की ती पडलेली नाही, तिने उडी मारली आहे. म्हणजे काय मोठे समाधान झाले माझे!

शनिवार-रविवारी वेगवेगळ्या मैदानांवर जाते, असे तू वर्षभर लिहीत होतीस. मला वाटले खो-खो असेल. अंगणवाडीत मी सगळ्यांना तसेच सांगितले. शेजारच्या बुधूने विचारले की विमान बिघडले होते का. नाही म्हटल्यावर तो आभाळाकडे बघत घरी गेला.

तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. शाळेत जाताना भातसा नदीच्या पुलावर माझा हात धरून डोळे मिटून चालायचीस. त्या पोरीला मी आभाळातून पडायला वाढवले का? मला जेवण गोड लागत नाही. ज्या कापडाला तुझा जीव टांगलेला असतो ते तरी बघू दे. नमुन्याला वीतभर तुकडा पाठव. तोवर उड्या बंद.

रागावलेली असले तरी तुझीच,
आत्या


डॅलस
दि. १४ डिसेंबर २००३

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

उड्या बंद केल्या आहेत. ऑफिसातला मुरबाडचा किशोर जानेवारीत गावी येतोय, त्याच्याबरोबर माझे पहिले पॅराशूट आख्खे पाठवते. तपासनिसाने जुने झाले म्हणून बाद केले आहे, पण तुला बघायला चांगले आहे.

एवढी मैदाने कशाला, असे बाबांनी विचारले होते. अगं, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. टेक्सासात बाजूला मक्याचे शेत आहे. त्यात उतरले की मालक थेट आपल्या शेजारच्या नामाकाकासारखा अंगावर येतो. ॲरिझोनात निवडुंग आहेत, तिथे बसून उतरायची सवय लोकांची आपोआप सुटते. आणि तुम्ही दुसरीकडे कितीही उड्या मारलेल्या असोत, नव्या मैदानावर नव्या सुनेसारखे उभे राहायचे. तिथला एखादा जुना माणूस बरोबर उडी मारून बघतो की मुलगी वर नीट वागते का, मगच मोकळे सोडतात.

शिवाय कुठलीही गोष्ट पहिल्यांदा केली की सगळ्यांना बिअर पाजायची इथली रीत आहे. मी तुझा चिवडा करून नेते. चार मैदानांवर लोक आता तुला नावाने ओळखतात.

आत्ये, एक मागते. जुलैत शिकागोजवळ चाळीस बायका एकमेकींचे हात धरून आभाळात फूल करणार आहेत. त्यात माझी निवड झाली आहे. जूनअखेर नाव पक्के करायचे आहे. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. पण नाही म्हणू नकोस ना गो.

वाट बघणारी,
रश्मी


सापगाव
दि. २२ फेब्रुवारी २००४

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वीतभर मागितले तर तू ताडपत्री पाठवलीस. नखाने ओरबाडले, रात्रभर बादलीत भिजवले, पिळले, धोपटले. शेवटी आंब्याच्या फांदीला झोळी बांधून बुधूला बसवले. कापड फाटले नाही, फांदी मोडली. बुधू बरा आहे. आता तो आमच्याकडे चहाला येत नाही.

कापड पास. तू नापास. कापड कितीही चांगले असले तरी वर तू एकटी असतेस, हे काही मला सोसत नाही. माझे उत्तर नाहीच आहे.

९ मे रोजी माझ्या श्वेताचे लग्न आहे. तुझ्या कापडाचा निळा रंग बघून मी मांडववाल्याला नको म्हणून सांगितले. हेच वर बांधायचे. आणि चिवड्यात खोबऱ्याचे काप तळून घालतेस ना? नसशील तर माझे नाव सांगू नकोस.

तुझी काळजी करणारी,
आत्या


कसारा
दि. १२ मे २००४

चि. रश्मीस,
जयभीम. तुझ्या आत्याने तुला कळवायचे नाही असे बजावले आहे, म्हणून लगेच कळवतो.

लग्न छान लागले. वंदना झाली, हार घालून झाले, पंगत बसली. तेवढ्यात भातसेकडून वारा सुटला. तुझ्या त्या कापडाला शिवलेल्या पिशव्यांत वारा भरला आणि मांडव जिवंत झाल्यासारखा फुगला. दोन बांबू उपटले. व्याही वरणाचे पातेले धरून बसले. आत्या ओरडली की सोडू नका, आणि बाकी सगळ्यांनी सोडले. तिने एकटीने दोऱ्या धरल्या होत्या.

रश्मी, मी रेल्वेत तीस वर्षे काढली, पण असे पाहिले नाही. पैठणी नेसलेली माझी बहीण जमिनीवरून उचलली गेली, अंगण ओलांडून गेली आणि नामाच्या पेंढ्याच्या ढिगात उतरली. वीतभरच उंच होती, पण होती. चप्पल अंगणातच राहिली. बुधू मोठ्याने म्हणाला की आता म्हातारीला झोळीत बसवा. लागले कुठेच नाही. मात्र तेव्हापासून ती कोणावर रागावलेली नाही, याची मला जास्त भीती वाटते.

तुझा,
बाबा


सापगाव
दि. १६ मे २००४

चि. रश्मीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या वडिलांनी कळवलेच असेल, त्यांच्या पोटात काही राहत नाही. वीतभर नव्हते. चांगले दोन हात होते. तुझे वडील व्याह्यांच्या पातेल्यामागे लपले होते, त्यांना काय दिसणार.

खरे सांगते, दोऱ्या घट्ट धरल्या. आणि पाय जमिनीवरून सुटले तेव्हा मला हसू आले. अंगणवाडी नाही, चूल नाही, कोणी हाक मारत नाही. एवढ्याशा वेळात मला किती हलके वाटले! मग पेंढा आला. तू एवढ्यासाठीच जातेस, हे मला आधी नीट का नाही सांगितलेस?

जा. माझी परवानगी आहे. पण एक अट. त्या चाळीस जणींचे जे हात धरशील ते पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचे नाहीत. तसा शब्द दे, मग मला घोर नाही.

हवेत जाऊन आलेली,
आत्या


डॅलस
दि. ३० मे २००४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी नाचले, मग अट वाचून खाली बसले. हात सोडावेच लागतात गो. धरून ठेवले तर पॅराशूट एकमेकींत अडकतात. प्रत्येकीने सोडून, वळून, लांब जायचे, आणि मगच आपापले उघडायचे. खोटा शब्द देऊन गेले असते तर तुला कळलेही नसते, पण तुला खोटे सांगून मला वर जाता येणार नाही. नाव अजून पक्के केलेले नाही.

तुला आठवते? मी पाचवीत होते. पुलाच्या मध्यावर तूच माझा हात सोडलास. मी रडले, तर तू म्हणालीस की चल गो, मी हाय मागं. मी डोळे उघडून शहापूरच्या टोकापर्यंत चालत गेले. मागे वळून बघितले नाही, पण तू आहेस हे मला माहीत होते. अजूनही दारातून उडी मारताना मला तेच ऐकू येते.

तू सांगशील तसे करणारी,
रश्मी

ता. क. तुझी पहिली उडी झाली. इथल्या बिअरच्या रीतीप्रमाणे तू सगळ्यांचे देणे लागतेस.


सापगाव
दि. १० जून २००४

चि. रश्मीस,
जयभीम.

किशोर पुन्हा गावी आला होता, आता परत निघालाय. त्याच्याबरोबर चाळीस जणींना पुरेल एवढा चिवडा पाठवते. खोबरे तळलेले आहे. माझे देणे फिटले.

उतरलीस की आधी मला फोन कर, मग बाबांना.

हात सोड. मी हाय मागं.

आत्या