सही न झालेली अकरा पानं

सोमवार, ४ मार्च

आज आमच्या न्यायाधीश साहेबांनी सिस्टरांचा निकाल सांगितला, मी उतरवून घेतला. सलग दीड तास! बोटं अवघडली, पण मन भरून आलं. नऊ वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातून ‘न सांगता गैरहजर’ म्हणून काढलेली नर्स — रजेचा अर्ज दिलेला असताना! आता मागची सगळी नोकरी धरून परत घ्या, असा हुकूम. सही होऊन जाहीर होईपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप. न्यायाधिकरणात बावीस वर्षं स्टेनो आहे, घरीसुद्धा कधी चकार शब्द काढला नाही.

बुधवार, ६ मार्च

सिस्टरांनी जिन्यात गाठलं. खात्याने तडजोड देऊ केलीय — नऊ वर्षं विसरा, पुढच्या महिन्यापासून कामावर या. शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. “ताई, निवृत्तीला तीनच वर्षं उरलीत. पदरात पडतंय ते घेऊ का हो?”

गप्प राहायचं ना! “घाई नका करू,” एवढंच बोलले. एवढंच! त्यांचा चेहरा खुलला आणि मी भराभर जिना उतरले.

शुक्रवार, ८ मार्च

अकरा पानं टाइप करून साहेबांपुढे ठेवली. “सोमवारी निवांत वाचून सही करतो.” छाती चोळत होते. पित्त झालंय म्हणे.

सिस्टरांनी तडजोड नाकारली.

सोमवार, ११ मार्च

साहेब गेले. काल सकाळी, आंघोळीला जाता जाता.

मंगळवार, १२ मार्च

फार रडले. त्यातलं साहेबांसाठी किती आणि स्वतःसाठी किती, देव जाणे.

रजिस्ट्रार म्हणाले, “सही नाही तर निकाल नाही. रद्दी आहे ती, बाई.” नवे साहेब येणार, सुनावणी पहिल्यापासून. नंबर लागेपर्यंत सिस्टरांचं निवृत्तीचं वय उलटून जाईल. तडजोडीची मुदतही संपली. माझ्या जिभेला हाड नाही, तेच खरं!

बुधवार, २० मार्च

सिस्टर बाहेरच्या बाकावर, शेजारी कागदांची पिशवी. मी तोंड चुकवून जात होते, त्यांनीच हाक मारली. “तुम्ही कशाला मनाला लावून घेता, ताई? तुम्ही मला काही सांगितलं थोडंच होतं!”

मला वाचवतायत! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, २५ मार्च

यांना सगळं सांगितलं. “गप्प बस. कुणाला कळतंय?”

मला कळतंय ना! गॅसवर दूध उतू गेलं. आम्ही दोघंही उठलो नाही.

मंगळवार, २ एप्रिल

लेखी देऊन टाकलं — निकाल मी आधीच सुचवला, म्हणून सिस्टरांनी तडजोड नाकारली, त्यांना मुदत वाढवून मिळावी. रजिस्ट्रारांनी वाचून चष्मा काढला. “अहो, नोकरी जाईल तुमची!”

ठाऊक आहे म्हटलं.

गुरुवार, २ मे

मुदतवाढ नामंजूर. खातं म्हणतं, सिस्टरांनी नाकारलं ते स्वतःच्या मर्जीने. म्हणजे माझं लिहून देणंही पाण्यात! माझी मात्र चौकशी सुरू.

सोमवार, १४ ऑक्टोबर

बडतर्फ. त्याविरुद्धचा अर्ज आज दाखल केला — आमच्याच न्यायाधिकरणाच्या खिडकीवर. बाहेर आले तर बाकावर सिस्टर. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बसा ताई. या टोकाला पंख्याचा वारा लागतो.”