माझ्या मुलीचे लग्न ही प्रचारसभा नसल्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक खर्च तपासणी अधिकारी,
निवडणूक कार्यालय, तिसरा मजला.

विषय : माझ्या मुलीचे लग्न हे लग्नच होते, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले ‘प्रकरण निकाली’ असे पत्र. २) माझे आधीचे अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

मी घड्याळ दुरुस्तीचे काम करतो. राजकारणाशी माझा संबंध मत देण्यापुरता होता, तोही आता ठेवावा की नाही याचा विचार चालू आहे.

१. मुलीचे लग्न ऐन निवडणुकीच्या धामधुमीत आले. लग्न लागून पंगती बसल्या असताना आपल्या भागातील उमेदवार बोलावणे नसताना लवाजम्यासह सभागृहात शिरले. दारी आलेल्याला हाकलता येत नाही. माझे मेहुणे मुळात हौशी. त्यांनी माईक पुढे केला, “आलाच आहात साहेब, तर दोन शब्द बोला की.” साहेब जेवण गार होईपर्यंत बोलले. वधूवरांना आशीर्वाद शेवटच्या वाक्यात मिळाला, तोही जावयाचे नाव चुकवून.

२. आपले भरारी पथक त्यांच्या मागावर होतेच. पथकाने चित्रीकरण केले, खुर्च्या आणि ताटे मोजली, आणि हा सारा खर्च उमेदवाराच्या नावे का धरू नये अशी त्यांना नोटीस काढली. तसे झाले असते तर त्यांची खर्चमर्यादा ओलांडली गेली असती, हे मला मागाहून कळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा हिशेब पाहणारे गृहस्थ घरी आले. “काका, साहेब येऊन गेले एवढंच लिहिलंय, सही करा.” घरात मुलीचे सामान बांधणे चालले होते. येऊन गेलेल्या पाहुण्याला आला नाही कसे म्हणायचे, म्हणून मी सही केली. कागदात लिहिले होते की, उमेदवारांना न विचारता मी हौसेने प्रचारसभा भरवली आणि माझ्या नातलगांना जेवू घातले. आपण तो खुलासा मान्य केला. साहेबांच्या हिशेबात फक्त माईकचे भाडे राहिले. साहेब निवडून आले.

३. जावई परदेशी रुग्णालयात नोकरीला आहेत. बायकोला बोलावून घ्यायला त्यांना विवाह नोंदणीचा दाखला लागतो. नोंदणी कार्यालयाने सभागृहाकडे विचारणा केली, तर आपल्या पत्रानुसार तिथल्या नोंदवहीत त्या संध्याकाळी ‘प्रचारसभा’ अशी दुरुस्ती झालेली. नोंदणी कार्यालयातील बाई म्हणाल्या, “एका हॉलात एका वेळी दोन कार्यक्रम कसे दाखवू? निवडणूकवाल्यांचं पत्र आणा.” आपले कारकून म्हणाले, “लग्न होतं असं लिहून दिलं तर साहेबांचा खुलासा खोटा ठरतो. कोण लिहील, सांगा.” या कार्यालयात मला खरे सांगणारे ते एकटेच, त्यांच्यावर राग नाही.

४. शेवटी साहेबांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जमलेल्यांना सांगितले की, अशा निष्ठावंतांमुळेच आपण निवडून आलो. मला चहा मिळाला.

५. मुलगी सध्या माहेरी असून तिला दिवस गेले आहेत. शेजारी आडून आडून विचारतात. परवा भाजी निवडता निवडता तिने मला विचारले, “बाबा, माझं लग्न झालंय ना नक्की?” महोदय, त्या क्षणी मला आपला, साहेबांचा आणि माझ्या सहीचा सारखाच संताप आला.

तरी उपरोक्त दाखला द्यावा. तो देणे सोयीचे नसल्यास, विनापरवाना प्रचारसभा भरवून मतदारांना जेवण घातल्याबद्दल माझ्यावर खटला भरावा. गुन्हा मी आधीच लिहून दिलेला आहे. न्यायालयात आपल्या पथकाचे चित्रीकरण तरी दाखवावे लागेल, आणि त्यात माझी मुलगी नवरीच्या वेषात सर्वांना दिसेल. मी शिक्षा भोगायला तयार आहे.

आपला नम्र,
(सही, या खेपेस वाचून केलेली)
वधूचा बाप
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) लग्नपत्रिका.
२) जेवणाचे बिल, मी भरलेले.
३) लग्नाचा फोटो. मधोमध साहेब, त्यांच्या खांद्यामागे अर्धी दिसते ती माझी मुलगी. तिच्याकडे एवढाच फोटो आहे, पाहून परत द्यावा.