एक रिकामी पायरी

प्रिय चिमणे,

माझी खुर्ची आणि माझा कंपायलर, दोन्ही तुझ्या ताब्यात आले, बरं वाटलं. खुर्ची करकरते, तिला तेल घाल. कंपायलरबद्दल मात्र तू जे विचारलंस, त्याने तीन दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मेमरीतून आकडा मागवला की तो एक रिकामी पायरी का सोडतो, नव्या मशीनला तिची गरज नाही, काढून टाकू का, असं तुझं म्हणणं.

तुझे बाबा, म्हणजे माझा दादा, मायक्रोकोड हाताने लिहायचा. चौकटीच्या कागदावर एका ओळीत एक पायरी, प्रोसेसरने त्या क्षणी नेमकं काय करायचं ती. आकडा यायला वेळ लागतो म्हणून मध्ये एक ओळ कोरी सोडून तिथे पेन्सिलीने बारीक शून्य काढायचा. मी धाकटी, शहाणपण नुसतं उतू जात होतं. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहा, त्याच्या पायऱ्या माझा कंपायलर दादापेक्षा घट्ट, कमी ओळींत बसवेल, अशी पैज मी अख्ख्या ऑफिससमोर लावली. दर वेळी दादा एका पायरीने जिंकायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारायचा. ती थाप झोंबायची.

शेवटी मी कंपायलरला शिकवलं, काहीच न करणारी पायरी दिसली की उडव. दादाचाच कोड त्यातून काढला आणि कुणाला न सांगता कारखान्यातलं दाबयंत्र चालवणाऱ्या मशीनवर चढवला. एका पायरीने मी जिंकले. उन्हाळ्यात मशीन तापलं, मेमरी मंदावली, आणि नवा आकडा पोहोचण्याआधीच पुढची पायरी जुना उचलू लागली. त्या दाबयंत्राचा हात थांबायच्या जागी थांबला नाही. एका कामगाराची दोन बोटं गेली.

कोडवर नाव दादाचं होतं. चौकशीत त्याने कोडच्या छापील यादीवरून बोट फिरवलं, कोरी ओळ कुठेच नव्हती. मीच विसरलो, असं तो शांतपणे म्हणाला. मी शेजारीच बसले होते. ती पैज लावली नसती तर, असं तेव्हापासून घोकतेय. आत्याबाईला मिशा असत्या तर. त्याने पुन्हा त्या कामाला हात लावला नाही. घराचं कुलूप तो तीनतीनदा ओढून बघतो, ते तू लहानपणापासून पाहतेस.

रिकामी पायरी मी नंतर गुपचूप परत घातली. बावीस वर्षं प्रत्येक यादीत ती दिसली की वाटायचं, दादा पाठीमागे उभा राहून वाचतोय. मी वळून बघायचे सुद्धा.

आता तू ती खुशाल काढ. सोबत चौकटीचा एक पिवळा कागद आहे. चौकशीच्या दिवशी सकाळी मी तो दादाच्या खणातून उचलला होता. चाळिसाव्या ओळीवर, मी उडवलेल्या त्याच जागी, पेन्सिलीचं शून्य आहे. आधी तो त्याच्या हातात दे, मग हे पत्र वाचून दाखव. तो काहीही विसरला नव्हता. रविवारी मी येते. दार उघडायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.

तुझीच,
आत्या