बिटाचा रंग

ती. बाबा,

इतक्या लांबून वाकून नमस्कार करते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या तब्येतीचं विचारलं की फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

ब्रोकोलीतल्या अर्काने आमच्या प्रयोगशाळेत तुम्हाला झालाय त्याच मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या, हे मीच तुम्हाला हरखून सांगितलं. जीभ झडली असती तर बरं! तुम्ही दवाखान्याला रामराम ठोकून नुसता भाज्यांचा रस पिताय, हे मला ताईकडून कळलं.

बाबा, त्या पेशी काचेच्या बशीतल्या होत्या. परवा एक बशी मी उबेच्या पेटीबाहेर विसरले, तर त्यातल्या पेशी कुठल्याही औषधाशिवाय मेल्या. बशीत मरणं इतकं सोपं असतं. माणसाच्या शरीरात ते इतकं सोपं नाही.

रस खुशाल प्या, पण औषधाच्या जागी नको. पत्र हातात पडेल त्याच दिवशी ताईला घेऊन डॉक्टरांकडे जा.

लघवी लाल होते ती रसातल्या बिटामुळे, असं तुम्ही आईला सांगितलंत. आईने विश्वास ठेवला.

पण भाजी ताई आणते, बाबा. महिनाभरात घरात बीट आलेलंच नाही.

तुमच्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
धाकटी