सव्वादोनचा हात

१४ फेब्रु., कोल्हार
नणंदेच्या लेकीचं लग्न, म्हणून आज घरी चुडे भरले. माझी पाळी आली. कासारमावशींनी हात दाबदाबून शेवटी सोडूनच दिला. तीन बांगड्या पिचल्या. सासूबाईंचा चेहरा पडला.
मावशी म्हणाल्या, "म्याडम, लग्नापासनं मीच भरते तुमाला. सव्वादोन हुता, मंग अडीच. आता पावनेतीनबी जाईना. ही सूज न्हाई, हाड रुंदावलंय. डाक्टरला दावा."
सगळ्यांसमोर हसले. न्हाणीघरात जाऊन रडले. मीच मूर्ख! चप्पल दोन नंबरांनी वाढली तर दुकानदाराला शिव्या देत होते.

६ मार्च
नगरचे डॉक्टर. रक्त, एमआरआय. मेंदूखालच्या ग्रंथीवर गाठ. कॅन्सर नाही. पण वाढीचं हार्मोन भरमसाट सुटतंय, किती वर्षं कोण जाणे. म्हणून जबडा, नाक, जाड आवाज, घोरणं... माझीच चुगली ऐकल्यासारखं वाटलं. बेचाळिसाव्या वर्षी वाढ! वर्गातल्या पोरांना वाटली असती.

९ एप्रिल, पुणे
ऑपरेशन झालं, नाकातून. हे सुप्याच्या कंपनीतून रजा काढून आलेत. डॉक्टरांना विचारलंच, पहिला चेहरा येईल का?
"सूज उतरेल. वाढलेली हाडं मागे जात नाहीत."
हे पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

२ मे
ओठ जरा उतरलेत. जबडा तोच. गॅसवाला फोनवर "दादा" म्हणाला. मी पण दादाच राहिले, कोण समजावणार. वर्गात पुन्हा कविता म्हणायचीय. माझ्या आवाजात. फार वाटतं.

१२ जुलै, शनि.
काल तीन महिन्यांचं रक्त दिलं. हार्मोन खाली आलं, का अजून इंजेक्शनं लागणार, ते सोमवारी कळेल.
दुपारी हे सुप्याहून आले. मी चहा घेऊन ओट्यावर गेले, तर यांच्या मोबाईलवर माझा जुना फोटो. भंडारदरा, निळी साडी. मला पाहून झटकन मोबाईल पालथा घातला.
"अगं, उगं आपलं..."
भांडायचं होतं. तोंडात शब्द तयार होते. पण शेजारी बसले आणि म्हटलं, "लपवता कशाला? मलाही तिची लई आठवण येते."
हे रडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग फोटो मोठा करून दोघं बघत बसलो.