इकडे सगळं खुशाल

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमचा खोकला आठवावा लागतो, मग त्याच्यामागून आवाज येतो. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. तुम्ही पलटणीत होतात तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, आणि मला लिहिता यायला लागलं तोवर तुम्ही पेन्शनीत येऊन साखर कारखान्याच्या गेटवर उभे होतात, घरापासून हाकेच्या अंतरावर. आज लिहितोय ते काँगोबद्दल. तुम्ही निळी टोपी घालून गेलात तोच काँगो. मी तेव्हा नुकता चालायला लागलो होतो.

मी आता अमेरिकेत राहतो. मॉरिसव्हिल म्हणून गाव आहे, आजूबाजूला सगळी कंपन्यांची ऑफिसं आणि पाइनची झाडं. आपली माणसं पुष्कळ आहेत. ऑफिसात माझ्यापासून दोन टेबलं सोडून काँगोचा एक माणूस बसतो, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, टेस्टिंगचं काम करतो. गॅस, म्हणजे इथलं पेट्रोल, महागला तेव्हापासून आम्ही एकाच गाडीतून जातो, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, माझे वडील तुमच्या देशात होते, शांतिसेनेत, आणि आता माझा पुतण्या तिथे आहे, तीच निळी टोपी घालून. धाकट्याचा थोरला, आबा. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तुमच्यासारखेच कान आहेत त्याचे. हे सांगताना मला फार अभिमान वाटत होता. तो स्टीअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला, "दोन पिढ्या पहारा देताय, आणि चोऱ्या अजून चालूच?" मग मोठ्याने हसला, आणि मीही हसलो. बोलायला तो असा तिखट आहे. मनाने तसा नाही. त्याच्या बहिणीची पोरं आपल्या सैनिकांची गाडी दिसली की "चलो, चलो" ओरडत धावतात, त्यांना वाटतं तो आपला नमस्कार आहे, हे त्यानेच मला एकदा सांगितलं.

त्याचं गाव पूर्वेकडे, एका मोठ्या तळ्याच्या वरच्या अंगाला. तिथे काय चाललंय ते त्याने मला जाता-येता समजावलं, आणि तरी मला ते अर्धंच कळलं. डोंगरात बंडखोर आहेत. त्यांच्याशी लढायला सरकारी फौज आहे, पण तिला पगार पोचत नाही, म्हणून ती लढण्याआधी दुकानं लुटते आणि लुटून झाली की पळते. शेजारच्या देशांच्या फौजा येतात, जातात, आपली म्हणून एकेक टोळी मागे ठेवून जातात. जमिनीखाली जे आहे ते सगळ्यांना हवं आहे. "कोणी राज्य करत नाही हे आमचं दुःख नाही," तो म्हणाला, "दहा जण करतात, हे आहे. नाक्यागणिक राजा वेगळा." एकदा सिग्नलला थांबलो असताना त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं. त्यातलं काहीतरी चिमूटभर त्याच्या मामाच्या डोंगरातून आलेलं असतं म्हणे. मी फोन खिशात ठेवला, मग तो खिशातही जड वाटायला लागला.

यंदा दिवाळी आली त्याच आठवड्यात बंडखोर खाली उतरले. त्याची आई आणि बहीण शहराबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत होत्या, गाव जळाल्यापासून तिथेच. सोमवारी सकाळी मी त्याला घ्यायला गेलो तर तो पायऱ्यांवर बसलेला. गाडीत बसला, पट्टा लावला आणि म्हणाला, "बहिणीचा फोन बंद आहे. तुमचा पुतण्या ज्या तळावर आहे तो आमच्या छावणीपासून लांब नाही. मला काही जास्त नको. एवढंच विचारा, बायका-म्हाताऱ्यांना तळाच्या तारेच्या आत घेतायत का. आणि आईचं नाव सांगून ठेवा. ती पुढे होऊन बोलणारी नाही. कुणी नाव घेऊन हाक मारली नाही तर ती गर्दीच्या मागेच उभी राहील." त्याने मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं. माझा उच्चार ऐकून जरासा हसला. "चालेल. ती ओळखेल."

मी हो म्हणालो. आणि ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या मनात तुम्ही येऊन उभे राहिलात.

मी दहावीत होतो. म्हैस विताना अडली होती, आई रडकुंडीला आलेली, आणि मी धावत कारखान्याच्या गेटवर आलो. तुम्ही खाकी कपड्यात, उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. मी म्हैस म्हणालो एवढंच. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ड्यूटीवरच्या माणसाला घरचं सांगायचं नसतं. गेटवर मी तुझा बाप नाही." मी तसाच परत आलो. आपल्या गावात हे काही तुमचं एकट्याचं नव्हतं. घरटी एक माणूस फौजेत, आणि त्याला जाणाऱ्या प्रत्येक पत्रात इकडे सगळं खुशाल. पाऊस नसला तरी खुशाल, भाऊबंदकी पेटली तरी खुशाल. तुम्ही काँगोत असताना आजी वारली, आणि आजोबांनी पत्र लिहिणाऱ्या मास्तरांना सांगितलं, म्हातारी खुशाल आहे असं घाला. पुढची कितीतरी पत्रं ती खुशालच राहिली. तुम्ही परत आलात तेव्हा ट्रंकेत तिच्यासाठी एक शाल होती. आई सांगायची, तुम्ही ओट्यावर बसून बूट काढलेत, शाल मांडीवर घेतलीत आणि म्हणालात, "बरं केलंत. कळलं असतं तर उभं राहता आलं नसतं." लहानपणापासून मी ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी ऐकत आलो. तिला कधी उलटून बघावं असं मला वाटलं नाही.

पाडव्याच्या सकाळी पुतण्याचा फोन आला. मी सणाची रजा घेतली होती, पूजा आटोपून उठत होतो. बायको फोन घेऊन देवघराच्या दाराशी आली, "बोला लवकर, रेंज जातीये त्याची." मी अजून आसनावरच होतो. "काका, नमस्कार करतो. फराळ झाला का?" मी म्हटलं, झाला, तुला मिळाला का काही? "लाडू केल्यात कुकनं. दगडासारखं. हितं बाहेरबी दगडच चालल्यात." म्हणजे काय रे? "लोकं चिडल्यात, काका. पोरं पयली चलो चलो म्हणत पळायची, आता गाडीवर धोंडं घालत्यात. म्हणत्यात, तुमी नुसतं बघताय. आमाला जेवढी ऑर्डर तेवढंच." त्याच्या आवाजात एक कापरं होतं, तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराचं. आणि मी काय बोललो असेन, आबा? मी म्हणालो, "देवाचं नाव घे. इकडची काळजी करू नको, इकडे सगळं खुशाल." त्या माणसाच्या आईचं नाव माझ्या जिभेवर होतं, ते मी गिळलं. फोन बंद झाल्यावर बायकोने विचारलं, "त्यांच्या आईचं विचारलंत?" मी म्हटलं, "ड्यूटीवरच्या पोराला काय सांगायचं ते? आणि सणाचा दिवस."  चकल्यांच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं, ते ती दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी त्याची होती. मी बसल्या बसल्या त्याने विचारलं, "बोलणं झालं?" रस्त्याच्या कडेला निवडणुकीच्या पाट्या लागल्या होत्या, लोकांच्या दारात हॅलोविनचे भोपळे ठेवलेले. मी त्या भोपळ्यांकडे बघत म्हणालो, "फोन लागलाच नाही. लाइन नाही." त्याने मान हलवली. म्हणाला, "प्रयत्न केलात, थँक यू. इथे बाकी कुणाला तर मला देश कुठे आहे इथपासून सांगावं लागतं."

मग छावणी उठली. त्याला बहिणीचा फोन आला तो शहराच्या दुसऱ्या टोकावरून. पोरं तिच्याजवळ होती. आई रस्त्यात मागे राहिली होती. कुठे, ते तिला सांगता येईना. सगळेच पळत होते.

त्यानंतरच्या रविवारी पुतण्याचा पुन्हा फोन आला. जरा निवांत होता. मी या वेळी विचारलं, उशिरा का होईना. तो म्हणाला, "घेतली की. दोन रात्री म्हाताऱ्या बायका आन् ल्हान पोरं तारंच्या आत घेतली सायबांनी. जेवढी बसतील तेवढी." मी त्याला नाव सांगितलं. त्याने ते एकदा स्वतः म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "आता काय कळायचं न्हाई, काका. तवाच सांगायचं की. गेटवर मीच हुतो. हाका मारल्या असत्या." मी म्हटलं, तुला ड्यूटीवर कसं सांगायचं म्हणून. तो म्हणाला, "काका, ती तर ड्यूटीच हुती." रागाने नाही म्हणाला. समजूत घातल्यासारखं म्हणाला, ते मला जास्त लागलं.

तेव्हापासून मला स्वयंपाकघरातला एक दिवस आठवतो. मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. तुम्ही चुलीपुढे जेवत होतात, आई भाकरी थापत होती. मी शहाणपणा करत विचारलं होतं, "काँगोत किती जणांना मारलंत, आबा?" तुम्ही म्हणालात, "एकालाबी न्हाई." मग घास हातातच ठेवून म्हणालात, "तेच तर." आणि उठून हात धुतलेत. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली. तुम्ही ताटात कधी काही टाकत नसा. मी तेव्हा विचारायला हवं होतं, तेच तर म्हणजे काय. तारेपलीकडे कोण उभं होतं. पण मला निळ्या टोपीतला फोटोतला बाप हवा होता, आणि तुम्ही मला तो ठेवू दिलात. गेटवर तुम्ही मला परतवलंत त्यात तरी शिस्त किती होती आणि त्या तारेची भीती किती होती, हे मला आता कुणी सांगणार नाही.

मी मात्र तुमच्या शिस्तीमागे लपलो, आबा, हे मला माहीत आहे. पोराचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसलो नव्हतो. आपल्या पोराने "नाही" म्हटलं असतं तर ते "नाही" मला गाडीत बसून त्या माणसाला सांगावं लागलं असतं. घराण्याचा मोठेपणा सांगितला होता ना. तो सांभाळला. अजून आम्ही एकाच गाडीतून जातो. तो रोज कुठल्या कुठल्या मदतकेंद्रांना फोन लावतो, नाव सांगतो, वर्णन सांगतो, थांबून राहतो. मी शेजारी बसून ऐकतो. संध्याकाळी दिवा लावतो, हात जोडतो, आणि तिच्यासाठी काही मागायला तोंड उघडत नाही. देवालाही मी त्या दिवशी तिथेच बसलेला दिसलो होतो.

हे कागद तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत, ते कुठे टाकायचेही नाहीत. खरं सांगायचं तर मी आज त्यालाच लिहायला बसलो होतो. तोंडाने सांगवत नाही, निदान लिहून त्याच्या टेबलावर ठेवावं म्हणून. इंग्रजीत पहिली ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मग कागद बदलला आणि वर आबा लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.