जावई येण्याआधी

चि. गोजर,

रक्तचंदन उगाळून देवळीत ठेवलं आहे. चेहऱ्याला लाव, पण घासू नको. देवीचे वण घासून जात न्हाईत, सावकाश फिके पडतात. तुझ्या आईचेही, ती होती तोवर, बरेच फिके पडले होते.

तिला पाहायला साखऱ्याला गेलो, तेव्हा तिच्या वडिलांनी कंदील मुद्दाम लांब टांगला होता. मी बैलसुद्धा उजेडात पारखून घेणारा माणूस. कंदील जवळ मागितला. तर तीच उठली, तो तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "बराबर बघून घ्या. मागून म्हनाल, दाखवलं न्हाई!" त्यानंतर या घरात शेवटचा शब्द माझा कधी झालाच न्हाई.

दुपारी किसनराव तुला न्यायला येऊन राहिले. दुखण्यानंतर ते तुला पहिल्यांदाच बघतील. त्याआधी लेप धुऊन टाक. मी बाळापूरच्या बाजाराला चाललो. काम काही न्हाई. पण मी ओसरीवर असलो, तर जावईबापू माझ्याकडं बघून गोड बोलतील. आज त्यांनी तुझ्याकडं बघून बोलावं.

निघालीस, तर कादरला गाडी जुंपायला सांगून ठेवलं आहे. न्हाई निघालीस, तर आपल्या दोघांच्या भाकरी टाक.

तुझे दादा